आपल्या भागातला एक चौक सुरक्षित कसा करून घ्यावा: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यापलीकडे भाजीवाले बसतात, औषधांचं दुकान आहे आणि विठ्ठलाचं देऊळ आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्या आईनं एकटीनं पलीकडे जाणं सोडलं. तिचे पाय धड आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून दिसतंही चांगलं. तरी एक दिवस ती अर्ध्या रस्त्यातून मागे फिरली आणि म्हणाली, "आता तू आलीस की जाऊ." आयुष्यभर एकटीनं बाजार केलेल्या बाईला भाजी आणायला सोबत लागावी, हे मला सहन झालं नाही. तेव्हापासून मी या कामात आहे. मी अभियंता नाही, कुठल्या संस्थेचीही नाही. चुकत चुकत जे शिकले ते इथे क्रमानं मांडते आहे. तुमच्या भागातल्या एखाद्या चौकासाठी काही करावंसं वाटत असेल आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नसेल, तर हे तुमच्यासाठी.

आधी कुणाचा जीव जातो ते पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. पुढच्या वर्षी हा आकडा एक लाख बहात्तर हजारांच्या वर गेला. एकट्या महाराष्ट्रात दरवर्षी पंधरा हजारांहून जास्त. २०२२ च्या मृतांमध्ये ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते आणि १९.५ टक्के पायी चालणारे. म्हणजे शंभरातल्या चौसष्ट जणांभोवती गाडीचा पत्रासुद्धा नव्हता. चौक सुधारायचा म्हणजे या लोकांसाठी सुधारायचा. गाड्या लवकर निघाव्यात हा वेगळा विषय आहे, आणि दोन्ही एकत्र मागायला गेलात तर पहिला मागे पडतो.

हे काम सुरू केलंत की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल, "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो, रस्ते सुधारून काय होणार?" मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण तोच दुचाकीवाला, तीच बाई, तीच रिक्षा एका रस्त्यावर हळू जातात आणि दुसऱ्यावर सुसाट. रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. स्वीडनच्या संसदेनं १९९७ मध्ये जे धोरण स्वीकारलं त्याचा गाभा एवढाच आहे: माणूस चुकणारच हे धरून रस्ता असा बांधा, की त्या चुकीची किंमत जीव देऊन मोजावी लागू नये. शिस्त हवीच. पण तुमच्या अर्जाचा विषय रस्त्याचा आकार असू द्या, कारण तो बदलणं कुणाच्या तरी नेमून दिलेल्या कामात बसतं.

पहिली पायरी: एकच जागा निवडा

अख्ख्या प्रभागाचा प्रश्न घेऊ नका. एक चौक, शाळेचं एक फाटक, एक बसथांबा, बास. जिथून तुम्ही रोज जाता अशी जागा घ्या, म्हणजे दोन वर्षांनंतरही तिचा कंटाळा येणार नाही. निवड करताना तीन प्रश्न विचारा. इथे म्हातारी माणसं आणि मुलं ओलांडतात का? इथे गाड्यांना वेग घ्यायला मोकळं मिळतं का? इथे आधी काही घडलंय का? तिन्हींची उत्तरं 'हो' आली तर दुसरी जागा शोधत बसू नका.

दुसरी पायरी: वही घेऊन उभं राहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळं काम उभं राहतं ते हिच्यावरच. "इथे फार धोका आहे" या वाक्यापुढे अधिकारी मान डोलावतो आणि पुढची फाइल उघडतो. "मंगळवारी सकाळी सात ते आठ मी इथे उभी होते, आणि हे पाहा" म्हटलं की तो खुर्चीत सरळ बसतो.

वेळा अशा निवडा: शाळा भरायची वेळ, शाळा सुटायची वेळ, संध्याकाळी बाजाराची वेळ आणि रात्री दहानंतर. रात्री गर्दी नसते म्हणून धोका नसतो असं वाटतं, पण वेग तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. एक फेरी पावसातही मारा. झेब्रा पट्टे पाण्याखाली जातात का आणि डबकं चुकवण्यासाठी लोक रस्त्यात कुठवर येतात, हे तेव्हाच दिसतं. जागा फुटपाथवरची किंवा दुकानाच्या पायरीवरची घ्या, आणि सोबत एक माणूस असू द्या.

काय मोजायचं? सगळ्यात आधी, लोक खरंच कुठून ओलांडतात ते. चौकाचा साधा नकाशा हातानं काढा आणि प्रत्येक माणसाच्या वाटेची रेघ मारत जा. तासाभरात कागदावर एक जाड पट्टा उमटतो. आमच्या चौकात तो झेब्रापासून वीसेक पावलं लांब उमटला, रिक्षा स्टँड आणि भाजीवाल्यांच्या मधोमध. लोकांची चूक म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट ही नव्हे. झेब्रा कुठे हवा होता, ते त्या रेघांनीच सांगितलं.

दुसरी मोजणी ओलांडायला लागणाऱ्या वेळाची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या, म्हणजे आयआरसीच्या, मार्गदर्शक सूचनांत पादचाऱ्याचा वेग साधारण सेकंदाला १.२ मीटर धरतात. १८ मीटर रुंद रस्त्याला त्या हिशेबानं १५ सेकंद लागतात. आजी सेकंदाला ०.८ मीटरनं चालत असेल तर साडेबावीस. सिग्नलचा हिरवा माणूस सोळा सेकंदांत विझत असेल, तर ती रस्त्याच्या मधोमध अडकणारच. घड्याळ लावा आणि दहा वयस्कर माणसांचे सेकंद लिहून ठेवा.

तिसरी मोजणी वेगाची. त्यासाठी रडार लागत नाही. रस्त्याकडेला टेपनं ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना एखादा खांब किंवा झाड खूण म्हणून धरा. गाडीला हे अंतर कापायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर पाहा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार लागले तर ४०, ३.६ लागले तर ५०, आणि ३ लागले तर ६०. सलग पन्नास गाड्या मोजा. वेगवान दिसली तीच मोजायची असं करू नका, नाहीतर तुमच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

वेगावर इतका भर का, तेही समजून घ्या. कुणी अचानक समोर आलं तर चालकाला ब्रेकवर पाय नेईपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० च्या वेगात तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे जाते, आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक असेल तर आणखी ५ मीटरवर थांबते. एकूण १३. ताशी ५० ला पहिल्या सेकंदातच १४ मीटर जातात आणि थांबायला तेवढेच आणखी लागतात. एकूण २८. म्हणजे तिशीतली गाडी जिथे थांबलेली असते, त्याच जागी पन्नाशीतल्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. जिथे पायी चालणारे आणि वाहनं एकाच जागेत असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते याच कारणानं. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हेच आहे.

चौथी नोंद 'थोडक्यात वाचले' अशा प्रसंगांची. कुणी पळालं, कुणी दचकून मागे आलं, करकचून ब्रेक लागला, दुचाकी घसरता घसरता सावरली. प्रत्येकाची वेळ आणि जागा लिहा. अपघात वर्षातून दोनदा होत असेल, पण हे प्रसंग तासातासाला होतात, आणि पुढचा अपघात कुठे होणार ते त्यांच्यावरूनच कळतं.

फोटो काढा, पण माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर कुठेही टाकू नका. तुम्ही रस्त्याची तक्रार करताय, माणसांची नव्हे.

तिसरी पायरी: रस्ता कुणाचा ते शोधा

माझे पहिले सात महिने इथे वाया गेले. ज्या कार्यालयात मी अर्ज देत होते, त्यांच्या ताब्यात तो रस्ता नव्हताच, आणि हे मला कुणी सांगितलंही नाही. शहरातले बहुतेक रस्ते महानगरपालिकेच्या पथ किंवा रस्ते विभागाकडे असतात. पण शहरातून जाणारा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, राज्य रस्ते विकास महामंडळाचा म्हणजे एमएसआरडीसीचा, किंवा औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचाही असू शकतो. क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला, ज्याला सगळे जेई म्हणतात, एकच प्रश्न विचारा: "या रस्त्याची देखभाल कोण करतं?" उत्तर लेखी मिळालं तर उत्तम.

मालक एक असला तरी चौकातली प्रत्येक गोष्ट त्याची नसते. डांबर आणि फुटपाथ पथ विभागाचे, दिवे विद्युत विभागाचे, दिव्यावर आलेली फांदी उद्यान विभागाची, फुटपाथवरचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, महावितरणचा. चेंबरचं झाकण ड्रेनेजचं. सिग्नलच्या वेळा आणि पार्किंगचे नियम वाहतूक शाखेच्या हातात. नकाशावर प्रत्येक वस्तूपुढे खात्याचं नाव लिहून ठेवलंत तर पुढे टोलवाटोलवी करणाऱ्याला तो कागदच दाखवता येतो.

चौथी पायरी: जुनी नोंद मिळवा

महामार्गांसाठी 'ब्लॅक स्पॉट'ची व्याख्या ठरलेली आहे: साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. तुमचा चौक या यादीत नसेल तर निराश होऊ नका. दहा माणसं जाईपर्यंत थांबायचं नाही म्हणूनच तर हे चाललंय.

पोलिसांकडची माहिती माहितीच्या अधिकारात मागता येते. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे, नाही आलं तर पहिलं अपील करता येतं. मागणी नेमकी ठेवा: अमुक चौकापासून दोन्ही बाजूंना २५० मीटरच्या आत गेल्या तीन वर्षांत नोंद झालेल्या अपघातांची तारीख, वेळ, वाहनांचे प्रकार, जखमी आणि मृतांची संख्या, आणि त्यांतले पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वार किती. नावं मागू नका. त्यांची तुम्हाला गरज नाही आणि नावांमुळेच अर्ज अडतो.

पोलिसांपर्यंत न पोचलेले अपघात कितीतरी जास्त असतात. ते रिक्षा स्टँडवर कळतात, औषधांच्या दुकानात कळतात, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कळतात. "इथे महिन्याला किती जणांना मलमपट्टी करता?" असं विचारा आणि ऐकत राहा. आमच्या चौकाची सगळ्यात खरी माहिती मला चहाच्या टपरीवरच्या काकांनी दिली. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत तेच तिथे असतात.

पाचवी पायरी: काय मागायचं ते ठरवा

नव्या माणसाच्या तोंडी दोन मागण्या हमखास येतात: गतिरोधक आणि पादचारी पूल.

पुलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शहराच्या आतल्या रस्त्यावर पूल मागू नका. गुडघे दुखणाऱ्या बाईला रस्ता ओलांडण्यासाठी दोन मजले चढून उतरायला लावणं, म्हणजे रस्ता तिचा नाही असं तिला सांगणं. ती पूल टाळून खालूनच जाते, आणि मग "सोय असून वापरत नाहीत" असा दोषही तिलाच लागतो. रेल्वेमार्ग किंवा द्रुतगती मार्ग ओलांडायचा असेल तर गोष्ट निराळी.

गतिरोधक उपयोगी आहे, पण बरोबर मापाचा. आयआरसीच्या मानकानुसार तो ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटीमीटर उंचीचा, गोलसर चढाचा असतो, साधारण ताशी २५ च्या वेगानं ओलांडण्यासाठी. आपल्याकडे रात्रीत उभे राहतात ते आखूड, उंच उंचवटे. त्यांवर दुचाकी उडते, मागे बसलेली बाई पडते, रुग्णवाहिकेतला पेशंट कळवळतो. रंग आणि पुढे फलक नसेल तर अंधारात तोच अपघाताचं कारण होतो. सोसायटीनं वर्गणी काढून स्वतः गतिरोधक बांधायचा तर विचारही करू नका. ते बेकायदा आहे, आणि कुणी त्यावर पडून गेलं तर ओझं जन्मभराचं.

मग काय मागावं? माझ्या पसंतीचा पहिला पर्याय म्हणजे उंच झेब्रा, ज्याला अभियंते 'टेबल टॉप' म्हणतात. झेब्रा पट्टे फुटपाथच्या पातळीवर उचलून घेतात. चालणारा खाली न उतरता सपाट जातो आणि गाडीला चढून यावं लागतं म्हणून ती हळू होते. एकाच बांधकामात गतिरोधक आणि झेब्रा दोन्ही साधतात. पण दोन्ही कडांना पावसाचं पाणी जायला वाट ठेवायला सांगा. आमच्याकडे पहिल्या वेळी ती ठेवली नाही आणि जूनमध्ये झेब्राच्या तोंडाशी तळं साचलं.

दुसरं, दुभाजकातली थांबायची जागा. एका दमात सगळा रस्ता ओलांडायच्या ऐवजी अर्धा ओलांडून थांबता आलं, की आजीचा प्रश्न निम्मा सुटतो. एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या पाहाव्या लागतात. जागा व्हीलचेअर किंवा बाबागाडी मावेल एवढी खोल हवी. दुभाजकाला नुसतं भगदाड पाडून दिलं तर दुचाकीवाले तिथूनच वळतात, म्हणून मध्ये खुंट हवेत, पण व्हीलचेअर जाईल इतक्या अंतरावर.

तिसरं, कोपरा आवळणं. चौकाचा कोपरा मोठ्या गोलाईचा असेल तर डावीकडे वळणारी गाडी वेग न घटवता वळते, आणि नेमक्या त्याच जागी माणूस उतरलेला असतो. फुटपाथ थोडा पुढे आणून कोपरा काटकोनाजवळ आणला की गाडीला हळू व्हावंच लागतं आणि ओलांडायचं अंतरही घटतं. 'लेफ्ट फ्री' असलेल्या, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळता येणाऱ्या चौकात ही मागणी नक्की करा.

फुटपाथबद्दल आयआरसीची अपेक्षा आहे ती निदान १.८ मीटर मोकळ्या रुंदीची आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरहून जास्त नसण्याची. मोकळी म्हणजे खांब, डीपी, झाडाचं आळं वगळून. कितीतरी फुटपाथ इतके उंच बांधलेत की म्हाताऱ्या माणसाला कुणाचा तरी हात धरावा लागतो, आणि दर दहा पावलांवर इमारतीच्या फाटकासाठी खाली-वर करावं लागतं. लोक फुटपाथवरून चालत नाहीत म्हणणाऱ्याला एकदा त्यावरून चालवून आणा. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद आणि सलग केले, तिथे संध्याकाळी जाऊन बघा. बाकांवर म्हातारी माणसं बसलेली असतात, मुलं धावत असतात.

बाकीच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि लवकर होतात: झेब्रावर थेट पडणारा दिवा, नजर अडवणारी फांदी किंवा जाहिरातफलक हटवणं, झेब्राच्या अगदी अलीकडे गाडी उभी न करू देणं, सिग्नलचे सेकंद वाढवणं. यादीत या आधी घाला. छोटं काम झालं की ओळख होते, आणि मोठं काम त्या ओळखीवर पुढे सरकतं.

सहावी पायरी: अर्ज

एक पान, त्याहून जास्त नको. मी वापरते तो साचा असा:

"प्रति, कार्यकारी अभियंता, (विभाग). प्रत: पोलीस निरीक्षक, वाहतूक शाखा, (विभाग).
विषय: (चौकाचं नाव) येथे पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी उपाययोजना करणेबाबत.
महोदय/महोदया, वरील चौकात (तारीख) रोजी (वेळ) या तासात आम्ही प्रत्यक्ष मोजणी केली. त्या तासात (संख्या) व्यक्तींनी रस्ता ओलांडला, त्यांत (संख्या) लहान मुले व ज्येष्ठ नागरिक होते. (संख्या) वेळा अपघात थोडक्यात टळला. मोजलेल्या ५० वाहनांपैकी (संख्या) वाहनांचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त होता. नकाशा व फोटो सोबत जोडले आहेत.
आमची विनंती: १) स्थळपाहणी करून अहवालाची प्रत द्यावी. २) नकाशात 'अ' दाखवलेल्या जागी उंच झेब्रा क्रॉसिंग व दुभाजकात थांबण्याची जागा करावी. ३) 'ब' येथील दिवा दुरुस्त करावा.
पाहणीच्या वेळी आम्ही उपस्थित राहू इच्छितो. कृपया दिनांक कळवावा."

कायद्याचा आधार एका ओळीत पुरे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १९८अ नुसार रस्त्याची आखणी, बांधकाम आणि देखभाल करणाऱ्यांवर ठरलेली मानकं पाळण्याची जबाबदारी आहे, आणि ती न पाळल्यानं मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये म्हटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डा किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. यातलं जे तुमच्या प्रश्नाला लागू पडतं तेवढंच लिहा. धमकीचा सूर नको. समोरचा जेई शंभर चौकांच्या तक्रारी घेऊन बसलेला असतो, आणि नेमका नकाशा घेऊन येणारा माणूस त्याला सहसा भेटत नाही.

अर्ज आवक विभागात द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसेल तर अर्ज दिला नाही असंच धरा. शक्य असेल तर चार बाजूंच्या सह्या घ्या: शाळेच्या मुख्याध्यापकांची, ज्येष्ठ नागरिक संघाची, रिक्षा स्टँडची, दुकानदारांची. पाचशे अनोळखी सह्यांपेक्षा या चारांचं वजन जास्त पडतं.

सातवी पायरी: पाठपुरावा, आणि ऋतू

पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, महिन्यानं प्रत्यक्ष भेट. भेटीत मागायची ती फक्त स्थळपाहणी. अभियंत्याला सकाळच्या शाळेच्या वेळी बोलवा आणि एखाद्या आजींसोबत त्यांना रस्ता ओलांडू द्या. आमच्याकडे जे काम दीड वर्ष कागदावर होतं, ते त्या पाच मिनिटांनी हललं.

कामांचं वर्ष समजून घेतलंत तर बराच त्रास वाचेल. पावसाळ्यात रंग टिकत नाही, म्हणून झेब्रा पट्टे पाऊस संपल्यावर मागा, आणि साधा रंग नको, थर्मोप्लास्टिक म्हणा, म्हणजे वितळवून लावतात तो जाड, टिकाऊ थर. आधी चौकशी करा की पुढच्या सहा महिन्यांत इथे केबल, गॅस किंवा ड्रेनेजची खोदाई आहे का, नाहीतर नवा झेब्रा महिन्याभरात उखडला जातो. मोठ्या कामाला पैसा लागतो आणि तो महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतो. त्यासाठी पुढच्या वर्षीची कामं ठरतात तेव्हा, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी, मागणी आत गेलेली हवी. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातली कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. नगरसेवकांना भेटाच, पण सोबत तोच एक पानाचा कागद ठेवा. विभाग अजिबात दाद देत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे प्रत पाठवा.

आठवी पायरी: चौकातल्या माणसांना आधी भेटा

आपला चौक रिकामा नसतो. त्यावर कुणाचं तरी पोट असतं. पथारीवाल्यांना हटवा अशी मागणी करून सुरुवात केलीत तर चौकातला निम्मा आधार पहिल्याच दिवशी गमवाल. रात्री नऊला बाईला तिथून जायला भीती वाटत नाही, ती त्यांच्या दिव्यामुळे आणि वावरामुळेच. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांची जागा आखून देऊन चालायची वाट मोकळी ठेवणं, ही मागणी दोघांच्याही भल्याची. रिक्षावाल्यांशी बोला, त्यांचा स्टँड दहा मीटर सरकल्यानं झेब्रासमोरची नजर मोकळी होणार असेल तर तो कुठे सरकावा हे त्यांनाच विचारा. अंध किंवा व्हीलचेअर वापरणारं कुणी तुमच्या भागात राहत असेल तर नकाशा अंतिम करण्याआधी त्यांना दाखवा. मी आखलेला उतार त्यांच्यापैकी एकानं पाहिला आणि म्हणाला, "ताई, यावरून मी मागे घरंगळेन." उतार उंचीच्या बारापट लांब हवा, हे मला तेव्हा कळलं.

चौकातल्या दुकानदारांना आणखी एक सांगून ठेवा. अपघात झाला तर १०८ किंवा ११२ ला फोन करणाऱ्याला आणि जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नं संरक्षण आहे. त्याच्यावर नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. कितीतरी माणसं पोलिसांच्या भीतीनं लांब उभी राहतात. हे एक वाक्य माहीत असलं तर ती पुढे येतात.

नववी पायरी: आधी तात्पुरतं करून पाहा

पक्कं बांधकाम करायला अभियंता कचरत असेल तर चाचणी सुचवा. मुंबईत मालाडच्या मीठचौकीला कोपरे आणि ओलांडायच्या जागा आधी शंकू, बॅरिकेड आणि रंगानं आखून पाहिल्या होत्या. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला पादचारी दिनासाठी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला. रस्ता गाड्यांशिवाय कसा चालतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि तो दिवस पुढेही पाळला जाऊ लागला. तुमच्या चौकात एक दिवस पुरेल. वाहतूक शाखेची लेखी परवानगी घ्या, पोलीस हजर असतील तेव्हाच करा आणि शंकू त्यांचेच वापरा. स्वतःहून रस्त्यात काहीही ठेवू नका. संध्याकाळी दुकानदारांना विचारा, गिऱ्हाईक घटलं की वाढलं. खरा विरोध बहुधा त्याच भीतीतून येतो.

दहावी पायरी: काम झाल्यावर पुन्हा मोजा

वार तोच, तास तोच, ५० मीटरही तेच. आमच्या चौकात पहिल्यांदा नुसते झेब्रा पट्टे आखले. मी पुन्हा पन्नास गाड्या मोजल्या आणि वेग जवळजवळ तेवढाच निघाला. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार झेब्रावर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायला हवं, पण रंगापुढे कुणी थांबत नव्हतं. वाईट वाटलं, तरी ते आकडे मी तसेच नेऊन दिले. उंच झेब्रा मंजूर झाला तो त्या आकड्यांमुळे. म्हणून निकाल मनासारखा नसला तरी लपवू नका. फोटो पूर्वीच्याच जागेवरून काढा आणि अभियंत्यांना पाठवा, काम चांगलं झालं असेल तर आभाराचं पत्रही द्या. त्यांना ती क्वचित मिळतात.

झालेलं काम झिजतंही. रंग उडतो, खुंट मोडतात, रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की उंच झेब्रा पुन्हा जमिनीला टेकतो. डांबरीकरणाच्या आदल्या आठवड्यात जेईंना फोन करून जुना थर खरवडूनच नवा टाकायला सांगायचं. वर्षातून एकदा मोजणी ठेवा आणि तुम्ही गावाला गेलात तरी ती होईल असा एक जोडीदार तयार करा. आमची पुढची मोजणी शाळा सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी आहे, सकाळी पावणेसातला, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर. आई येणार आहे. सेकंद तीच मोजते.